चार माणसं, सहा रात्री, तीन दिशांना कामं : मुक्काम ठाण्यात की नवी मुंबईत?

कऱ्हाडची_पालवी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं येतोय : बाबा (६९), आई (६४), मी आणि आठ वर्षांची लेक. मंगळवारी पहाटे कऱ्हाडहून खासगी बसने पोचणार, पुढच्या सोमवारी सकाळी परत. मधली कामं अशी :

बुधवारी सकाळी ९ आणि गुरुवारी ११ वाजता बाबांची खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचं कर्करोग केंद्र) तपासणी. शुक्रवारी सकाळी साडेआठला बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकन वकिलातीत आई-बाबांची व्हिसाची मुलाखत. शनिवार मोकळा, लेकीला मुंबई दाखवायची. रविवारी दुपारी घोडबंदर रोडला पातलीपाड्यात लग्न.

बाबांच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. मुंबईतली भाडी परवडणारी नाहीत, म्हणून ठाणे किंवा नवी मुंबई. ॲपवर 'ठाणे' टाकलं की हॉटेलांचा नुसता ढीग येतो, त्यातलं जवळचं कुठलं आणि आडगावचं कुठलं हे कळायला मार्ग नाही. सहा रात्री एकाच जागी काढाव्यात की मधे जागा बदलावी? जाणकारांनी सांगावं.

नौपाडा_नाका

आधी त्या ढिगाचं बघू. ॲपला ठाणे शहर आणि ठाणे जिल्हा यांतला फरक कळत नाही. मीरा रोड, भाईंदर ठाणे जिल्ह्यात येतात, म्हणून तिथली हॉटेलंही 'ठाणे' म्हणून दिसतात. प्रत्यक्षात ती पश्चिम रेल्वेवर आहेत आणि ठाणे स्टेशनला यायचं तर अख्खा घोडबंदर पालथा घालावा लागतो. भिवंडी रस्त्यावरची कशेळी, काल्हेरकडची लॉजंही याच नावाखाली. पत्त्यात पिनकोड बघा. ४००६०१, ४००६०२, ४००६०३ असेल तर स्टेशनच्या आसपास आहात. ४००६१५ म्हणजे घोडबंदर. ४०११०७ दिसला की तो मीरा रोड, पुढे सरका.

ठाण्यात राहायचं तर पश्चिमेला नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड, तलावपाळी, जांभळी नाका एवढा पट्टा. स्टेशनपासून चालत पाच ते पंधरा मिनिटं. जेवणखाण, औषधांची दुकानं, झेरॉक्स, फोटो स्टुडिओ सगळं पायाखाली. व्हिसाच्या कामात आयत्या वेळी फोटो किंवा प्रिंट लागतेच, तेव्हा हे महत्त्वाचं. जांभळी नाका म्हणजे बाजारपेठ, पहाटे भाजीचे टेंपो सुरू होतात, झोप सावध असेल तर तो टाळा. नवरात्रात टेंभी नाक्याच्या आसपास राहू नका, वाहतूक वळवलेली असते आणि रिक्षा दारापर्यंत येत नाही.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी : वंदना टॉकीजचा परिसर ठाण्यात पाणी भरण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे तळमजल्याची खोली घेऊ नये.

पामबीच

नौपाडेकर, सगळं खरं, पण पालवीताईंची पहिली दोन कामं खारघरला आहेत. ठाण्यात राहून सकाळी ९ला ॲक्ट्रेक गाठायचं म्हणजे पहाटे उठवून वडिलांना पनवेल लोकलमध्ये बसवायचं, खारघरला उतरायचं, पुढे रिक्षा. माझं मत वाशी. हार्बर लोकलने सीएसएमटी थेट, ट्रान्सहार्बरने (ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल लाइन) ठाणे अर्ध्या तासात, खारघर एका गाडीत. सहा रात्री एकच जागा, सामान हलवायची कटकट नाही. सेक्टर १७ला प्रत्येक खिशाला परवडेल असं हॉटेल मिळतं.

फक्त नकाशावरच्या अंतराला फसू नका. वाशी स्टेशन शीव-पनवेल हायवेच्या एका अंगाला, सेक्टर १७ दुसऱ्या अंगाला. नकाशात बोटभर दिसतं, पण मधे हायवे ओलांडायचा असतो. सामान असेल तर रिक्षाच.

कोपरीकर

वाशी सगळ्यांच्या मधे आहे खरी, पण म्हणून ती कशाच्याच जवळ नाही! शुक्रवारी कुर्ला, रविवारी पातलीपाडा आणि बुधवार-गुरुवार खारघर, रोज प्रवासच. आणि रविवारचा मेगाब्लॉक विसरलात का? हार्बरवर कुर्ला-वाशी किंवा पनवेल-वाशी पट्ट्यात ब्लॉक लागला तर सकाळी अकरा ते दुपारी चारच्या सुमारास गाड्या बंद. ट्रान्सहार्बरवरही कधीमधी लागतो. लग्न नेमकं त्याच वेळेत. रविवारी लग्न ठाण्यात तर शनिवारची रात्र ठाण्यातच काढावी.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. ठाणे स्टेशनचे ९, १० आणि १०अ हे प्लॅटफॉर्म ट्रान्सहार्बरचे, आणि ते पूर्वेच्या बाजूला आहेत. म्हणजे वाशी-पनवेलहून येणारा माणूस कोपरीच्या बाजूला पुलाचे कमीत कमी जिने चढून बाहेर पडतो. पश्चिमेला जायचं तर अख्खं स्टेशन पुलावरून ओलांडावं लागतं. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण प्रत्येक पुलाला नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे. कोपरीत हॉटेलं पश्चिमेच्या मानाने कमी आणि साधी, पण गर्दी कमी आणि पूर्व द्रुतगती मार्ग लागूनच, त्यामुळे टॅक्सी पटकन बाहेर पडते.

नौपाडा_नाका

कोपरीचा मुद्दा मान्य. मात्र मेन लाइनच्या फास्ट गाडीला कोपरीतूनही पूल चढावाच लागतो, आणि रविवारी घोडबंदरला जायला पश्चिमेलाच यावं लागेल.

खारघर_सेक्टर

ॲक्ट्रेकबद्दल नीट सांगतो, कारण बरेच जण यात गफलत करतात.

ॲक्ट्रेक सेक्टर २२ला, ओवे कॅम्पच्या बाजूला आहे. खारघर स्टेशनवरून चालत जाण्याजोगं नाही. स्टेशन हायवेच्या एका बाजूला, गाव आणि सेक्टर दुसऱ्या बाजूला. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. 'खारघर स्टेशनजवळ' म्हणून मिळालेलं हॉटेल रुग्णालयाच्या दृष्टीने लांबच. बघायचं ते उत्सव चौक ते सेंट्रल पार्क या पट्ट्यात. नवी मुंबई मेट्रोची १ क्रमांकाची मार्गिका (बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, नोव्हेंबर २०२३पासून सुरू) याच बाजूने जाते. उत्सव चौक आणि सेंट्रल पार्क ही दोन्ही स्थानकं त्यावर आहेत. लोकलने बेलापूरला उतरून मेट्रो पकडता येते, लिफ्ट आहेत, गर्दी नसते. वडिलांसाठी उत्तम.

सेक्टरचा घोळ : नवी मुंबईत प्रत्येक नोडचे सेक्टर वेगळे मोजतात. सेक्टर १७ वाशीलाही आहे, नेरुळलाही आहे, खारघरलाही आहे. रिक्षात बसून नुसतं 'सेक्टर १७' म्हणू नका. हॉटेलच्या पत्त्यात नोडचं नाव नसेल तर फोन करून विचारा. 'नवी मुंबई' एवढ्याच नावाखाली तळोजा, कळंबोली, महापे एमआयडीसी, पार शिळफाट्याकडचीही लॉजं विकली जातात. भाडं कमी दिसतं, पण संध्याकाळी सातनंतर तिथून बाहेर पडायला वाहन मिळत नाही.

आणखी एक. रुग्ण बाहेरगावचा असेल तर टाटा आणि ॲक्ट्रेकचा वैद्यकीय समाजसेवा विभाग राहण्याच्या स्वस्त जागांची माहिती देतो. केस फाइलचा नंबर हाताशी ठेवून आधीच फोन करा. या जागांमध्ये रुग्णासोबत एक, फार तर दोन माणसं ठेवतात. चौघांचं तिथे जमेलच असं नाही, पण दोन रात्री आई-बाबा तिथे आणि तुम्ही मायलेकी जवळच्या लॉजवर, असंही करता येतं.

पामबीच

बरं, वाशीचा हट्ट सोडला. मग दोन भाग करा : आधी खारघर-बेलापूर, मग ठाणे.

कोपरीकर

शहाण्यासारखं बोललात!

घोडबंदरग्रस्त

लग्न पातलीपाड्यात आहे म्हणून हॉटेलही घोडबंदरला घेऊ असं कोणी सुचवायच्या आत लिहितो. घेऊ नका. म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीपुरतं घेतलं तर हरकत नाही, पण शुक्रवारी तिथून बीकेसीला निघायचं असेल तर मुळीच नको.

सकाळी कासारवडवली, वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा सगळं एकाच वेळी कापूरबावडीकडे सरकतं. त्यातच मेट्रो ४च्या कामाचे पत्रे, सर्व्हिस रोडवर खड्डे, आणि गुजरातकडचे कंटेनर. रविवारी सकाळी हाच रस्ता बरा असतो. रविवारी स्टेशनवरून पातलीपाड्याला जायला पश्चिमेला सॅटिस पुलावर चढा. वरच्या मजल्यावर टीएमटीच्या बस, खाली रिक्षा. बसची पाटी बघून चढा, सगळ्या घोडबंदरला जात नाहीत. चार माणसं आणि लग्नाचे कपडे, तर ॲपवरची टॅक्सी बरी; पण ती स्टेशनच्या तोंडाशी बोलावू नका, चालक आत येत नाहीत आणि रद्द करतात. हॉटेलच्या दारातून बोलवा.

ज्यांची स्वतःची गाडी आहे आणि काम बोरिवली, मीरा रोड, वसईकडे आहे त्यांच्यासाठी मात्र घोडबंदर ठीक. पार्किंग मिळतं, खोल्या मोठ्या आणि नव्या. स्टेशन भागातल्या लॉजला पार्किंग नसतंच, आणि पी१-पी२ पाट्यांचा (सम-विषम तारखांचं पार्किंग) हिशेब चुकला की टोइंगवाले आलेच.

मरोळमार्गे

शुक्रवारच्या बीकेसीबद्दल. ठाण्याहून तीन मार्ग आहेत.

पहिला : मेन लाइनने कुर्ला, कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षा किंवा बेस्टची बस. स्वस्त, पण सकाळी कुर्ल्याचा पूल आणि रिक्षाची रांग ज्येष्ठांना घेऊन करण्यासारखी नाही. पावसात कुर्ला-शीवला रुळांवर पाणी येतं ते वेगळंच.

दुसरा : ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो १ने चौथं स्थानक मरोळ नाका, तिथे खाली उतरून मेट्रो ३, आणि मग बीकेसी. मेट्रो ३ आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५पासून कफ परेडपर्यंत जाते. मरोळ नाक्यानंतर टर्मिनल २, सहार रोड, टर्मिनल १, सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी आणि सहावं बीकेसी. उलट दिशेने वळसा आहे हे खरं, पण मेट्रो ३ वातानुकूलित, लिफ्ट सगळीकडे. अडचण एकच : घाटकोपर. लोकलमधून मेट्रोकडे जाणारा पूल सकाळी साडेसातनंतर ठासून भरतो. साडेसहाला ठाणे सोडलं तर निभावतं. ठाण्याहूनच सुटणारी स्लो गाडी घ्या, बसायला जागा मिळते. कल्याणकडून आलेल्या फास्टमध्ये सकाळी आई-बाबांना घेऊन चढायच्या भानगडीत पडू नका. पाच-सात मिनिटं वाचतील, पण हात-पाय मोडायचे.

तिसरा आणि तुमच्यासाठी योग्य : टॅक्सी. पूर्व द्रुतगती मार्गाने चुनाभट्टी, तिथून चुनाभट्टी-बीकेसी उड्डाणपूल थेट बीकेसीत उतरवतो. सव्वासहा-साडेसहाला निघा. सातनंतर ऐरोलीच्या फाट्यापासून घाटकोपरपर्यंत रस्ता तुंबत जातो. लवकर पोचलात तरी बिघडत नाही, उशीर झाला तर अपॉइंटमेंट जाते. मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४पासून टोल नाही, तेव्हा चालक 'टोल वेगळा' म्हणाला तर देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वकिलातीत मोबाइल, स्मार्ट घड्याळ, लॅपटॉप, मोठी बॅग काहीच नेता येत नाही, आणि जमा करून घ्यायची सोयही वकिलात ठेवत नाही. म्हणून आई-बाबांचे फोन तुमच्याकडे द्या आणि भेटायची जागा आधीच ठरवा, कारण बाहेर आल्यावर त्यांना तुम्हाला फोन करता येणार नाही. तुमचा नंबर कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा. बायोमेट्रिक्सची अपॉइंटमेंट वेगळी असते, वेगळ्या पत्त्यावर, बहुधा आधीच्या दिवशी. ती तुमच्या वेळापत्रकात दिसत नाही!

कऱ्हाडची_पालवी

मरोळमार्गे, बरं झालं सांगितलंत. पत्रात बघितलं, बायोमेट्रिक्स मंगळवारी दुपारी २ला आहे. म्हणजे पहाटे पोचायचं आणि दुपारी बीकेसी. आता?

मरोळमार्गे

बिघडलं नाही. मंगळवारी दुपारी खारघरहून निघणं सोपं. साडेअकराच्या सुमाराची सीएसएमटी हार्बर लोकल, ती गर्दीच्या उलट वेळेला. कुर्ल्याला उतरून टॅक्सी किंवा रिक्षा. परतीला मात्र पाचच्या आत कुर्ला सोडा. साडेपाच ते नऊ पनवेल गाडीत उभं राहायला मिळालं तरी नशीब.

तात्या_तुर्भे

मधेच विचारतो, माफ करा. पुतणी नागपूरहून एकटी येतेय. शनिवारी महापे एमआयडीसीत ऑनलाइन परीक्षा, सोमवारी पवईला आयआयटीत मुलाखत. तिच्यासाठी कुठे बघू?

खारघर_सेक्टर

तात्या, महापेसाठी कोपरखैरणे किंवा घणसोली. स्टेशन सोडून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की एमआयडीसी. आयटीवाल्या मुलामुलींमुळे तिथे रो-हाउसमधली गेस्ट हाउस भरपूर, त्यात मुलींसाठी वेगळा मजला असलेलीही. केंद्राचा पत्ता आदल्या दिवशी रिक्षाने जाऊन बघून या. एमआयडीसीत प्लॉट नंबर 'ए-', 'डी-', 'ईएल-' असे असतात आणि ते ओळीने सापडत नाहीत. शनिवारी कंपन्या बंद असल्या की विचारायलाही माणूस नसतो, रिक्षावालेही कमी.

कोपरीकर

पवईसाठी ठाणे किंवा मुलुंड. ठाण्याहून स्लो गाडीने कांजूरमार्ग, पश्चिमेला उतरून रिक्षा. लक्षात ठेवा, फास्ट गाडी कांजूरला थांबत नाही. नवखा माणूस फास्टमध्ये बसून थेट घाटकोपरला जातो. नवी मुंबईहून पवई करायची म्हणजे ऐरोली पूल आणि जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), सोमवारी सकाळी त्या वाटेला जाऊ नये.

सीवूड्सकर

तात्या, मुलगी एकटी आहे म्हणून सुचवते. रात्री उशिरा येणार असेल तर सीवूड्स किंवा नेरुळ बघा. सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे, उजेड आणि वर्दळ रात्री दहापर्यंत. ठाणे-पनवेल गाडी इथून घणसोलीला थेट जाते. नेरुळला बुकिंग करताना डी. वाय. पाटील स्टेडियमचं वेळापत्रक बघून घ्या. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, नोव्हेंबरमध्ये महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. अशा दिवशी जुईनगरपासून बेलापूरपर्यंत खोली मिळत नाही, मिळाली तर दर तिप्पट, आणि रात्री स्टेशनवर मुंगी शिरायला जागा नाही.

तात्या_तुर्भे

आभारी आहे. घणसोली आणि मग मुलुंड, ठरलं.

काउंटरवाला

मी याच धंद्यात आहे, काउंटरच्या आतून काही सांगतो. ॲपवर फोटो बघून भुलू नका, हॉटेलला थेट फोन करा आणि हे विचारा.

लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्यापासून आहे की पहिल्या मजल्यापासून? स्टेशन भागातली जुनी लॉजं दुकानांच्या वर असतात. रिसेप्शन पहिल्या मजल्यावर, लिफ्ट तिथून पुढे. ते पहिले अठरा-वीस जिने फोटोत दिसत नाहीत. बाबांचे गुडघे म्हणालात, तेव्हा हा पहिला प्रश्न.

संडास कमोडचा की भारतीय? गरम पाणी चोवीस तास की सहा ते नऊ? शुक्रवारी पहाटे पाचला तुम्हाला अंघोळ करायची आहे, सहाला पाणी येऊन काय उपयोग. खिडकी आहे का, आणि कुठे उघडते? 'स्टँडर्ड रूम' म्हटलं की पुष्कळदा खिडकी जिन्याच्या डक्टमध्ये उघडते. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे पलंग नाही, जमिनीवर गादी. आठ वर्षांच्या मुलीचे पैसे लावतात का तेही विचारा. कुठे पाचपर्यंत फुकट, कुठे बारापर्यंत.

वेळ : काही ठिकाणी बारा ते अकरा, काही लॉजला चोवीस तास. तुम्ही पहाटे पाचला येणार. बारा-अकराच्या हॉटेलात एकतर सोमवारची रात्र धरून पैसे द्या, नाहीतर लॉबीत बसा. चोवीस तासांच्या लॉजला मंगळवारी पाचला चढलात तर गुरुवारी पाचला उतरावं लागेल, तेही पहाटे! म्हणून 'पहाटे येतो, गुरुवारी अकराला सोडतो' असं स्पष्ट सांगून आकडा ठरवा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ लागतं, मोबाइलमधला फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही. तुमचा पत्ता कऱ्हाडचा, म्हणून अडचण नाही. ठाणे-मुंबईचा पत्ता असलेल्यांना मात्र पुष्कळ लॉज 'लोकल आयडी चालत नाही' म्हणून परत पाठवतात. इथल्याच माणसाच्या नावावर तुम्ही बुकिंग करणार असाल तर आधी विचारा.

बिलात जीएसटी : दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के. आधी १२ होता. जुन्या दराने कोणी लावला तर दाखवून द्या.

नौपाडा_नाका

काउंटरवाल्यांना दंडवत. ते जिन्याचं गुपित कुणी सांगत नाही.

विमानाने_येणारे

पालवीताईंना लागू नाही, पण धागा वाचणाऱ्यांसाठी : आता तिकिटावर विमानतळ बघून मग मुक्काम ठरवा. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं आणि डिसेंबरअखेर उड्डाणं सुरू झाली. तिकिटावर 'एनएमआय' असेल तर बेलापूर, सीवूड्स, खारघर, पनवेल सोयीचं. 'बीओएम' असेल तर ठाणे बरं, कारण घाटकोपरहून मेट्रो १, मरोळ नाक्याला मेट्रो ३, आणि पुढचंच स्थानक टर्मिनल २. नाव दोघांचंही मुंबई, त्यामुळे पहाटेच्या विमानाला लोक भलत्याच दिशेला निघतात. रात्री साधारण एक ते चार लोकल नसते, मेट्रो त्याआधीच बंद होते. पहाटेच्या विमानाला टॅक्सीच धरून चला. रिक्षाला मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडं.

कऱ्हाडची_पालवी

सगळ्यांचं वाचून असं ठरवलं. मंगळवार, बुधवार खारघर, उत्सव चौकाच्या आसपास. गुरुवारी तपासणी झाली की ठाणे, गुरुवार ते रविवार चार रात्री नौपाडा, लिफ्ट रस्त्यापासून असलेलं. यात काही चुकतंय का? आणि बसवाला 'कळंबोली' हा थांबा देतोय, तो घेऊ का?

खारघर_सेक्टर

कळंबोली घेऊ नका. मॅकडोनल्डपाशी हायवेच्या कडेला उतरवतात, पहाटे तिथे रिक्षावाले तोंडाला येईल ते सांगतात, आणि स्टेशन चालण्याच्या अंतरावर नाही. त्याच बसला पुढे खारघर-हिरानंदानी पुलाचा थांबा असतो, तो मागा. 'पुलाखाली, सर्व्हिस रोडला' असं सांगा. नाहीतर बस पुलावरून निघून थेट बेलापूर गाठते.

कोपरीकर

गुरुवारचं जरा बघा. अकराची तपासणी, म्हणजे सुटायला दोन-तीन वाजणार. खारघरहून ठाण्याची थेट गाडी आहे, बदलावी लागत नाही. पण साडेपाचनंतर घणसोली, रबाळे, ऐरोलीहून सगळं ऑफिस त्याच गाडीत चढतं. चारच्या आत खारघर सोडलं तर आरामात बसून याल. सामान सकाळीच हॉटेलच्या काउंटरवर ठेवा. रुग्णालयात उशीर झालाच तर गर्दीत घुसू नका, ऐरोली पुलावरून टॅक्सी करा किंवा साडेआठनंतरची गाडी.

पामबीच

आणि चार रात्रींचं भाडं एकदम आगाऊ भरू नका. तपासणीत एखादा रिपोर्ट शुक्रवार-शनिवारवर गेला तर पुन्हा खारघरला यावं लागेल. रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील.

मरोळमार्गे

शनिवारसाठी : ठाण्याहून सकाळी नऊनंतर स्लो गाडी, भायखळ्याला राणीची बाग (ती बुधवारी बंद असते, शनिवारी उघडी), मग सीएसएमटी, तिथून गेटवे. एक, तीन आणि पाच दिवसांचा उपनगरी पर्यटक पास मिळतो, पण तुमच्या प्रवासात साधं परतीचं तिकीट स्वस्त पडेल. ते एसी लोकलला चालत नाही, चुकून चढू नका, दंड होतो. मेट्रोने फिरायचं असेल तर सीएसएमटीला मेट्रो ३चं स्थानक आहे. तिथून सिद्धिविनायक एका गाडीत. बाबांना उन्हात चालवण्यापेक्षा ते बरं. रिक्षा शीव-वांद्र्याच्या पुढे दक्षिणेला येत नाही, तिकडे काळी-पिवळी टॅक्सी.

नौपाडा_नाका

लेकीला संध्याकाळी तलावपाळीवर न्या, बोट आहे. मामलेदार मिसळ खायची तर तिला 'कमी तिखट' सांगा, आणि 'कमी'वर जोर द्या.

घोडबंदरग्रस्त

सोमवारची परतीची बस ठाण्याहून घेताय ना? पिकअप 'माजिवडा' लिहिला असेल तर उड्डाणपुलाच्या वर की खाली, आणि नाशिकच्या बाजूला की मुंबईच्या, हे बसवाल्याला फोन करून विचारा. तिथे चार दिशांना चार थांबे आहेत आणि सामान घेऊन रस्ता ओलांडता येत नाही. त्यापेक्षा तीन हात नाक्याचा पिकअप मिळत असेल तर तो घ्या, नौपाड्यातून रिक्षाने पाच-दहा मिनिटं.

कऱ्हाडची_पालवी

तीन हात नाका मिळतोय, पावणेसातचा. घेतला.